स्पेस एक्सप्लोरेशन गेम बनवताय? मग अपडेटचा विचार पहिल्या दिवशीच करा

स्पेस गेम करायचा म्हटलं की बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते, "आपल्या गेममध्ये अख्खी आकाशगंगा असणार." असू दे की, कोण नाही म्हणतंय, पण खरं सांगू का, आकाशगंगा हा या सगळ्यातला स्वस्तातला भाग आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर 'एलिट' हा स्पेस गेम केला, मशीनची मेमरी ३२ केबी, आणि तेवढ्यात ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, त्यांची नावं, सरकारं, बाजारभाव सगळं बसवलं. कारण त्यातलं त्यांनी साठवलं काहीच नव्हतं, सुरुवातीचे दोन-तीन आकडे घ्यायचे, त्यांच्यावर ठरलेलं गणित चालवत जायचं, दरवेळी तोच ग्रह बाहेर पडतो. त्यांना तर मोजता येणार नाहीत इतक्या आकाशगंगा ठेवायच्या होत्या, प्रकाशकच म्हणाले की आठ पुरे, इतक्या ठेवल्यात तर सगळं गणितातून आलंय हे लगेच उघडं पडेल. ४० वर्षं होऊन गेली तरी हा सल्ला अजून ताजा आहे.

२०१६ ला 'नो मॅन्स स्काय' आला तेव्हा ग्रहांचा आकडा होता २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्यं, त्याहूनही थोडा जास्तच. लोक चिडले ते काही ग्रह कमी पडले म्हणून नाही, तर तिथे जाऊन करायचं काय हे कळेना आणि बोललेल्या काही गोष्टी सापडेनात म्हणून. नंतर गेम बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन गेम सावरला, पण ते जमलं कारण खालचा पाया अपडेट पेलणारा होता. म्हणून इथे गेम बनवणं आणि अपडेट करणं असे दोन वेगळे विषय करत नाहीये. स्पेस गेममध्ये ते वेगळे नसतातच, जे निर्णय तुम्ही पहिल्या महिन्यात घेता तेच दोन वर्षांनी अपडेटच्या वेळी मानगुटीवर बसतात.

पुढच्या ग्रहावर जायचंच कशाला

गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी याचं उत्तर पाहिजे. ढोबळमानाने तीन कारणं असतात, तिथे काहीतरी माल मिळतो, तिथे काहीतरी माहिती मिळते, किंवा तिथलं दृश्य बघण्यासारखं आहे. मालाचं कारण करायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लवकर कंटाळा आणणारं, खणा, भरा, विका, परत खणा. दृश्याचं कारण पहिल्या काही तासांत जोरात चालतं आणि मग संपतं. माहितीचं कारण सगळ्यात दमदार, पण ते हाताने घडवावं लागतं, कॉम्प्युटर आपोआप काढून देत नाही. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स' मध्ये सूर्यमाला एकच, ती पण छोटीशी, दर २२ मिनिटांनी सगळं मुळापासून सुरू, यानाला कसलं अपग्रेड नाही, पुढे जातं ते फक्त प्लेअरला काय कळलंय तेवढंच, आणि तरी लोक त्याला एक्सप्लोरेशनचा आदर्श मानतात. तिघांपैकी एक मुख्य निवडा, बाकीचे दोन त्याच्या मदतीला ठेवा. तिन्हीत सारखा जोर लावणारे गेम अर्धवट वाटतात हे माझं मत, पटलं तर घ्या.

हे तपासायला टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं), ग्राफिक्स काही लागत नाही. तीन करडे गोल ठेवा, एक यान द्या, आणि गेमबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या हातात कंट्रोलर द्या. तो आपणहून "तिकडे काय आहे?" असं विचारतो का बघा. नसेल विचारत तर गोलांवर सुंदर ढग चढवून काही फरक पडणार नाही.

प्रत्येक ग्रहाला एक नियम द्या, असा नियम जो प्लेअरच्या हालचालीत उतरेल. नुसता रंग बदलणं म्हणजे नियम नव्हे. खऱ्या सूर्यमालेत याचा खजिना पडलाय. शनीचा चंद्र टायटन घ्या, गुरुत्व १.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, आणि हवेचा दाब मात्र पृथ्वीच्या दीडपट. हलकं वजन आणि घट्ट हवा, म्हणजे तिथे माणूस हाताला पंख बांधून उडू शकेल, झाला तयार तुमचा उडण्याचा ग्रह. शुक्रावर ४६० अंशांच्या वर तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब, तिथे उतरलात की घड्याळ सुरू, यान किती मिनिटं टिकेल हाच खेळ. उलट मंगळाचा ऑलिम्पस मॉन्स घ्या, जवळजवळ २२ किलोमीटर उंच, ऐकायला जबरदस्त, पण तो इतका पसरट आहे की त्याच्या अंगावर उभं राहिलात तर आपण डोंगरावर आहोत हेही कळणार नाही. आकडा मोठा म्हणून अनुभव मोठा होत नाही, गेममध्ये असा डोंगर टाकायचा तर त्याचा कडा दाखवा, उतार नको.

आकार, अंतर आणि थरथरणारं कॉकपिट

आता इथे जरा थांबूया, कारण बहुतेक हौशी स्पेस गेम इथेच मोडतात आणि कशामुळे मोडले ते करणाऱ्याला कळतही नाही.

गेम इंजिन जागा मोजतं साधारण ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे साठवायच्या एका छोट्या प्रकारात. त्यात सुमारे सातच अंक नीट बसतात. जगाच्या शून्य बिंदूपासून १० किलोमीटरवर गेलात की मोजमापाची सगळ्यात बारीक पायरी होते १ मिलिमीटर, ठीक आहे, चालतं. १००० किलोमीटरवर तीच पायरी ६ सेंटिमीटरची, म्हणजे पायलटचा हात सहा-सहा सेंटिमीटरच्या उड्या मारणार, कॉकपिट थरथरणार, यानाचे पाय जमिनीत घुसणार. आणि सूर्य शून्यावर ठेवून पृथ्वी खऱ्या अंतरावर, १५ कोटी किलोमीटरवर ठेवलीत तर पायरी होते १६ किलोमीटर. तुमचं यान एकतर इथे, नाहीतर १६ किलोमीटर पलीकडे, मधे जागाच नाही. 'कर्बल स्पेस प्रोग्राम' मध्ये यानं अशीच अचानक हलून फाटायची, प्लेअरांनी त्या बगला, म्हणजे कोडमधल्या चुकीला, समुद्री राक्षसाचं नाव दिलं होतं, क्रॅकेन.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, प्लेअरला शून्याजवळ ठेवा आणि जग हलवा. प्लेअर शून्यापासून समजा ५ किलोमीटर लांब गेला की सगळ्याच वस्तू उलट दिशेने तेवढ्याच सरकवायच्या, प्लेअरला काही कळत नाही. 'आउटर वाइल्ड्स' मध्ये पण प्लेअर शून्यावर असतो आणि सूर्यमाला त्याच्याभोवती फिरते. ऐकायला सोपं, पण "सगळ्याच वस्तू" या शब्दांत खरी गोम आहे. यानं सरकवली, ग्रह सरकवले, आणि यानाच्या इंजिनच्या धुराचे पार्टिकल (बारीक कण) राहिले, मग काय होतं, तर दर ५ किलोमीटरला आकाशात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ चमकून जाते. शत्रूच्या एआयने लक्षात ठेवलेली प्लेअरची जागा, जमिनीवरच्या शेडरमधला (रंग-छाया काढणाऱ्या कोडमधला) नॉइज, तीन मिनिटांपूर्वी टाकलेला मार्कर, ज्यात ज्यात जागेचा आकडा साठवलाय ते सगळं या यादीत हवं. म्हणून जागा सरकली की बाकीच्यांना कळवणारा एकच सिग्नल ठेवा आणि जागा साठवणाऱ्या प्रत्येक कोडला त्याच्याशी जोडायची सक्ती करा, कारण सहा महिन्यांनी नवीन फीचर टाकताना कोणीतरी हे विसरणार, नक्की विसरणार.

दुसरा उपाय, खरा हिशोब ६४ बिटांच्या डबलमध्ये, म्हणजे फ्लोटच्या दुप्पट जागा घेणाऱ्या प्रकारात, ठेवा आणि चित्र काढताना कॅमेऱ्यापासूनचं अंतर काढून तेवढंच फ्लोटमध्ये द्या. डबलमध्ये पृथ्वीच्या अंतरावर पायरी येते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, नेपच्यूनपर्यंत गेलात तरी १ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खी सूर्यमाला आरामात. इंजिनांपैकी अनरिअल ५ मध्ये हे आतूनच डबल आहे, गोडो ४ मध्ये डबलचा पर्याय आहे पण त्यासाठी इंजिन स्वतः कंपाइल करावं लागतं, युनिटीत वस्तूच्या जागा फ्लोटच, त्यामुळे तिथे तुमचा डबलचा हिशोब बाजूला वेगळा ठेवायचा. हे आधी करा. नंतर बदलायला गेलात तर प्रत्येक फाइल उघडावी लागते.

लांबचे पृष्ठभाग एकमेकांत लुकलुकत असतील तर तो डेप्थ बफरचा, म्हणजे कोणता पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून किती लांब याच्या नोंदीचा प्रश्न, डेप्थ उलटी करा (जवळचं १, लांबचं ०) आणि फ्लोट डेप्थ वापरा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

आणि खरं माप ठेवायचं का? माझं उत्तर नाही, जोपर्यंत तुमचा गेम सिम्युलेटर नाही तोपर्यंत. प्रकाशालाच सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, तुमचा प्लेअर तेवढा वेळ नुसता बसून राहणार आहे का? कर्बलवाल्यांनी घरचा ग्रह ६०० किलोमीटर त्रिज्येचा केला, पृथ्वी ६३७१ ची, साधारण दहा पट लहान, पण गुरुत्व पृथ्वीएवढंच ठेवलं. त्यामुळे कक्षेत राहायला सेकंदाला २.३ किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो, खऱ्या पृथ्वीला ७.८ लागतो, आणि काही मिनिटांत रॉकेट कक्षेत पोचतं. भौतिकशास्त्र खरं राहिलं, वेळ मात्र वाचला.

उडणं

अंतराळात आजूबाजूला काहीच नसतं त्यामुळे वेग जाणवत नाही, आकडा ३००० दाखवतोय आणि चित्र स्थिर. यावर सगळेच एक युक्ती वापरतात, कॅमेऱ्याभोवती एक अदृश्य खोकं आणि त्यात दोन-तीनशे धुळीचे कण, मागून बाहेर गेलेला कण पुढून आत. खोटं आहे, पण नसेल तर यान चालतंय असंच वाटत नाही. फक्त कणांचा वेग जवळच्या ग्रहाच्या किंवा स्टेशनच्या तुलनेत धरा, सूर्याच्या तुलनेत धरलात तर स्टेशनवर हळूहळू डॉक करताना सुद्धा बाहेर वादळ सुरू.

यान न्यूटनच्या नियमाने उडवायचं की विमानासारखं, यावर लोक भांडत बसतात. १९९३ च्या 'फ्रंटिअर' मध्ये खरं न्यूटनचं गणित होतं, प्रवासाला मस्त, पण लढाईत दोन यानं एकमेकांजवळून सणकन निघून जायची, वळून परत येईपर्यंत पत्ता नाही. 'एलिट डेंजरस' ने मधला मार्ग काढला, फ्लाइट असिस्ट चालू असेल तर कॉम्प्युटर यान सावरतो, बंद केलं तर घसरत जा. मीसुद्धा हेच सुचवेन, डीफॉल्ट सोपं, बंद करायची सोय ठेवा.

ग्रहाभोवती कक्षा करताय आणि यान दर फेरीला थोडं थोडं बाहेर सरकतंय? तर तुमच्या कोडमध्ये बहुतेक गुरुत्व जुन्या जागेवरून काढून आधी जागा बदलली जाते आणि मग वेग. त्या दोन ओळींची अदलाबदल करा, आधी गुरुत्वाने वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा, कक्षा जागेवर राहील. दोन ओळींची गोष्ट आहे, पण लोक यापायी गुरुत्वाचा आकडा ठोकून ठोकून बसवायला बघतात. आणि हे फिक्स्ड टाइमस्टेपमध्येच, म्हणजे दर पावलाला ठरलेला तेवढाच वेळ धरून चालवा, नाहीतर वेगवान मशीनवर एक कक्षा आणि हळू मशीनवर दुसरी.

ग्रह मात्र असे ढकलत बसू नका. ग्रह कुठे आहे हे केपलरच्या समीकरणातून थेट वेळेवरून काढा, म्हणजे "गेममधला वेळ इतका, तर ग्रह इथे." याने तीन कामं होतात, वेळ हजारपट पळवता येतो, चुका साचत नाहीत, आणि सेव्ह फाइलमध्ये ग्रहांच्या जागा ठेवाव्या लागत नाहीत, फक्त वेळ ठेवला की झालं. हा तिसरा फायदा अपडेटच्या वेळी किती मोलाचा आहे ते पुढे येईलच.

ग्रह तयार करणारा कोड

आता मुख्य भाग. तुम्ही सीड घेतला, म्हणजे ज्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा, रँडम नंबर काढायला लागलात, पहिला आकडा ग्रहाच्या आकाराला, दुसरा हवेला, तिसरा आकाशाच्या रंगाला, चौथा झाडांना, पाचवा गुहांना. छान चालतं, गेम बाहेर पडतो. चार महिन्यांनी अपडेटमध्ये तुम्ही ग्रहांना कडी देता, शनीसारखी, आणि हवेनंतर एक ओळ घालता, "कडी आहे की नाही, रँडम." झालं. आता रंगाला जो आकडा मिळायचा तो कडीने खाल्ला, रंगाला झाडांचा आकडा गेला, झाडांना गुहांचा. ज्याने निळ्या आकाशाखाली तळ्याकाठी तळ उभारून त्यात महिना घालवलाय, त्याच्याकडे अपडेटनंतर लाल आकाश, तळं गायब, आणि तळ हवेत तरंगतोय. एका ओळीने अख्खं विश्व बदललं.

यावरचा इलाज सोपा आहे पण सुरुवातीलाच करावा लागतो. एकाच नळाचं पाणी सगळ्यांना पाळीपाळीने द्यायचं नाही, प्रत्येकाला स्वतःचा नळ द्यायचा. म्हणजे विश्वाचा सीड, ग्रहाचा पत्ता आणि त्या गुणाचं नाव, उदाहरणार्थ "आकाश_रंग", हे तिन्ही एकत्र हॅश करा, म्हणजे ठरलेल्या गणिताने त्यांचा एकच आकडा करा, आणि त्यातून हवा तो आकडा काढा. मग कडी आली, भुतं आली, आकाशाच्या रंगाला काही धक्का लागत नाही. नाव मात्र एकदा ठेवलं की बदलायचं नाही, स्पेलिंग चुकलं असेल तर चुकलेलंच राहू द्या, ते आता कायमचं.

यात अजून एक खड्डा आहे. प्रोग्रामिंगच्या भाषेत आयतं मिळणारं रँडम किंवा स्ट्रिंगचं (मजकुराचं) हॅश वापरू नका. नव्या डॉटनेटमध्ये आणि पायथन ३.३ पासून पुढे स्ट्रिंगचा हॅश दरवेळी प्रोग्राम सुरू केला की वेगळा येतो, मुद्दाम, सुरक्षेसाठी. पीसीजी (रँडम आकड्यांसाठी) किंवा एक्सएक्सहॅश (हॅशसाठी) यांच्यासारखं काहीतरी छोटं तुमच्या कोडमध्येच ठेवा म्हणजे इंजिन बदललं तरी उत्तर तेच. आणि "समुद्र आहे की नाही" असे हो-नाही निर्णय पूर्णांकावर घ्या, कारण साइन-कोसाइनची शेवटची दशांश स्थानं वेगवेगळ्या प्रोसेसरवर थोडी वेगळी येऊ शकतात आणि सीमेवरचा ग्रह एकाकडे ओला आणि दुसऱ्याकडे कोरडा निघू शकतो.

ग्रह तयार करणाऱ्या कोडला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्लेअर ज्या ग्रहावर जाऊन आला त्या ग्रहासोबत तो क्रमांक सेव्ह करा. भेट दिलेला ग्रह जुन्या आवृत्तीनेच बनणार, न बघितलेला नव्या. माइनक्राफ्टला २०२१ च्या १.१८ अपडेटमध्ये जुनी जमीन आणि नवी जमीन जिथे भिडते तिथे दोन्ही मिसळण्याची खास सोय करावी लागली होती. आपल्याला ती भानगडच नाही, दोन ग्रहांमध्ये पोकळी असते, सांधा दिसायचा प्रश्न येत नाही. ही स्पेस गेमला मिळालेली फुकटची सवलत आहे आणि ती वापरायचं कित्येकांच्या डोक्यातच येत नाही. किंमत एवढीच की जुना कोड टाकून देता येत नाही, म्हणून दर अपडेटला आवृत्ती वाढवू नका, मोठे बदल साठवून एकदम करा.

सगळे ग्रह एकसारखे वाटतात ही तक्रार येणारच. त्यावर लोक अजून पॅरामीटर घालतात, अजून झाडं, अजून रंग, आणि ते अजून एकसारखं होतं, कारण कशाचा कशाशी संबंध नाही. उलटं करा, आकडे कमी ठेवा आणि एकमेकांना बांधा. ताऱ्यापासून अंतर आणि हवा यावरून तापमान, तापमानावरून पाणी की बर्फ, पाण्यावरून झाडं. मग दहा-पंधरा ग्रह फिरलेला प्लेअर लांबूनच ओळखतो की हा लाल ताऱ्याजवळचा आहे, खाली पाणी मिळायचा चान्स आहे. तो अंदाज करतो, उतरतो, खरा ठरतो किंवा फसतो, आणि हाच तर एक्सप्लोरेशनचा सगळा मजा आहे. नंतर मुद्दाम एखादा ग्रह असा ठेवा जो नियम मोडतो, आणि तो का मोडतो याचं उत्तर तिथेच खाली कुठेतरी हाताने ठेवा. आणि ओसाड चंद्र भरपूर असू द्या, सगळीकडेच हिरवळ असेल तर हिरवळीचं काय कौतुक.

खरे तारे वापरायचे असतील तर यादी फुकट मिळते, हिप्पार्कस कॅटलॉगमध्ये १,१८,२१८ तारे आहेत, एका गेमला पुष्कळ झाले, गाया उपग्रहाच्या २०२२ च्या यादीत तर १८० कोटींच्या आसपास नोंदी आहेत, त्या नादी लागू नका. नासाचे फोटो आणि नकाशे सहसा कॉपीराइटमुक्त असतात पण त्यांचा लोगो परवानगीशिवाय वापरता येत नाही.

सेव्ह फाइल

सेव्हमध्ये विश्व ठेवायचं नाही, फक्त फरक ठेवायचा. प्लेअरने काय खणलं, काय बांधलं, कोणाला भेटला, काय नाव दिलं. बाकी सगळं सीडमधून परत निघतं. फाइल छोटी राहते आणि अपडेटमध्ये तुटण्यासारखं कमी उरतं.

वस्तूंना यादीतल्या क्रमांकाने ओळखू नका. "वस्तू क्रमांक १७" असं सेव्ह केलंत आणि अपडेटमध्ये यादीत मधेच नवीन वस्तू आली की प्लेअरचं इंधन एका रात्रीत दगड होतं. नाव ठेवा, "इंधन_हायड्रोजन", कायमचं. फाइलच्या सुरुवातीलाच सेव्हची आवृत्ती लिहा, आणि जुनी फाइल उघडताना पायरी पायरीने न्या, १ ची २, २ ची ३, ३ ची ४. थेट १ वरून ४ असा शॉर्टकट लिहू नका, तो कधीच नीट टेस्ट होत नाही. बदलण्याआधी जुन्या फाइलची कॉपी बाजूला, आणि नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मग नाव बदला, म्हणजे मधेच लाइट गेली तरी निदान जुनी शाबूत.

प्रत्येक रिलीजच्या वेळी दहा-वीस खऱ्या सेव्ह फाइल जपून ठेवा, नवख्याची, शंभर तास खेळलेल्याची, तळ समुद्राखाली बांधणाऱ्या विक्षिप्ताची. पुढचं प्रत्येक बिल्ड (गेमची तयार केलेली प्रत) बाहेर जाण्याआधी या सगळ्या उघडल्या पाहिजेत. आणि एक सीडची टेस्ट, शंभर ठरावीक ग्रह काढायचे, त्यांचे गुण आधीच्या यादीशी ताडायचे, एक जरी बदलला तरी बिल्ड लाल, म्हणजे नापास. वरचा कडीवाला घोटाळा ही टेस्ट प्लेअरपर्यंत पोचूच देत नाही.

अपडेट बाहेर काढताना

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर असाल तर फाइल साधारण १ एमबीच्या तुकड्यांत तोडल्या जातात आणि बदललेले तुकडेच प्लेअर डाउनलोड करतो. पण तुम्ही सगळे असेट (चित्रं, आवाज वगैरे) एका मोठ्या पॅक फाइलमध्ये घालून कॉम्प्रेस केलेत आणि दर बिल्डला त्यांचा क्रम बदलला, तर एक टेक्स्चर बदललं तरी सगळेच तुकडे बदललेले दिसतात आणि छोट्या पॅचसाठी लोकांना अख्खा गेम परत उतरवावा लागतो. पॅक फाइल विषयानुसार वेगवेगळ्या ठेवा, क्रम स्थिर ठेवा.

बीटा ब्रँच, म्हणजे चाचणीची आवृत्ती, वेगळी ठेवा, उत्साही लोक आनंदाने तिथे येतात, फक्त बीटाची सेव्ह वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या, नाहीतर परत मूळ आवृत्तीवर आलेल्याला "ही फाइल नव्या आवृत्तीची आहे" असं म्हणून गेम दारातच अडवतो.

बग रिपोर्टसाठी एक बटण द्या. ते दाबलं की स्क्रीनशॉट, सीड, ग्रहाचा पत्ता, जागा, आवृत्ती आणि गेममधला वेळ एकाच छोट्या फाइलमध्ये जमा. ग्रह वेळेवरून निघतात आणि जग सीडमधून, त्यामुळे एवढ्यावर तुम्ही तुमच्या मशीनवर थेट त्याच दगडासमोर उभे राहता. "एका निळ्या ग्रहावर अडकलो" असल्या रिपोर्टवर रात्र घालवण्यापेक्षा हे बटण बनवायला एक दिवस द्या.

मल्टिप्लेअर पहिल्या आवृत्तीत नको. 'ईव्ह ऑनलाइन' सारख्या गेमलाही हजारो यानं एका जागी भिडली की सर्व्हर टिकवायला वेळ हळू करावा लागतो, अगदी १० टक्क्यांपर्यंत.

अपडेटमध्ये नेमकं काय घालायचं? 'नो मॅन्स स्काय' चा क्रम बघण्यासारखा आहे, ऑगस्ट २०१६ ला गेम, नोव्हेंबरला तळ बांधायची सोय, मार्च २०१७ ला जमिनीवरच्या गाड्या, जुलै २०१८ ला खरं मल्टिप्लेअर. ग्रहांची संख्या वाढवणं हे त्यांचं उत्तर नव्हतं. आधी पाय रोवायला जागा दिली, मग त्या जागेवर फिरायला साधन, मग सोबतीला माणसं. आणि बाहेर काढायच्या आधी फार बोलले नाहीत, तयार झालं की दाखवलं, तारखांची आश्वासनं देऊन अडकण्यापेक्षा हे बरं.

नवीन गोष्टी शेवटच्या टप्प्यात टाकायचा मोह होतो कारण बोलणारे प्लेअर शंभर तासवाले असतात. पण स्टीमवर दोन तासांच्या आत खेळ आणि १४ दिवसांच्या आत मागणी असेल तर पैसे परत मिळतात, म्हणजे तुमचा गेम टिकतो की जातो ते पहिल्या दोन तासांत ठरतं. लोक कुठे गेम बंद करतायत ते मोजा, परवानगी घेऊन, आणि बहुतेकदा उत्तर एकच निघतं, पहिल्या उड्डाणात किंवा पहिल्या लँडिंगला. प्रत्येक मोठ्या अपडेटमध्ये एक भाग या पहिल्या दोन तासांसाठी राखून ठेवा, जुन्या लोकांना तो दिसणारही नाही आणि त्यांनी तक्रार केली तर ऐकून घ्या, बदलू नका.

बॅलन्स करताना प्लेअरने कमावलेलं हिसकावू नका. एखादं इंजिन फारच ताकदवान झालं असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना राहू द्या, नव्यांसाठी ते महाग करा किंवा बाकीची इंजिनं थोडी वर आणा. एकट्याने खेळायच्या गेममध्ये कोणाला न्याय द्यायचा आहे तसाही.

पॅच नोट्स माणसासारख्या लिहा, "विविध सुधारणा" म्हणजे काहीच न लिहिल्यासारखं. सगळ्यात वर हे लिहा की जुनी सेव्ह चालेल का, तळ जागेवर राहील का, मॉड (प्लेअरांनी स्वतः केलेल्या भरी) तुटतील का, मग बाकीचं. आणि मोठं अपडेट काढलं की आधीची आवृत्ती वेगळ्या ब्रँचवर काही महिने उपलब्ध ठेवा, मॉडवाल्यांना तेवढा वेळ लागतोच.